चकेरीची मोडलेली विमानं आणि जिमी मुन्शी

भिलाईहून बोलतोय. आज एका बॉम्बफेकी विमानाच्या अपघाताबद्दल सांगायचं आहे. पण हा अपघात जरा विचित्र आहे. विमान जमिनीवर उभं होतं. आकाशात शत्रू नव्हता, वादळ नव्हतं, कॉकपिटमध्ये वैमानिकही नव्हता. त्या विमानाला त्याच्याच मालकांनी मोडलं, हुकूम काढून, दिवसाढवळ्या. आणि एकच नाही, ओळीने उभी असलेली डझनावारी मोडली.

जागा कानपूरजवळचं चकेरी. काळ दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा. विमान अमेरिकन बनावटीचं, बी-२४ लिबरेटर. आणि गोष्टीतला वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी. त्यांना सगळे जिमी म्हणत. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीचे हे टेस्ट पायलट. मोडून टाकलेली ती विमानं उठवून उभी केल्यावर त्यांना पहिल्यांदा हवेत नेण्याचं काम यांच्याकडे आलं. एकदा-दोनदा नाही. अशी ४२ विमानं कानपूरहून बेंगळुरूला गेली.

आधी विमानाची ओळख करून घेऊ, नाहीतर मुन्शींनी काय केलं ते नीट कळणार नाही.

लिबरेटरचं पहिलं उड्डाण २९ डिसेंबर १९३९ ला झालं. चार इंजिनं, प्रत्येक इंजिन १४ सिलिंडरचं आणि १,२०० अश्वशक्तीचं. पंखांचा पसारा ११० फूट, लांबी ६७ फूट. रिकामं विमान सोळा-सतरा टनांचं, पेट्रोल आणि बॉम्ब भरले की तीस टनांच्या आसपास. आत दहापर्यंत माणसं. अमेरिकेने अशी १८,००० हून जास्त बनवली. डेट्रॉइटजवळ फोर्ड कंपनीचा विलो रन नावाचा कारखाना होता, तिथे ऐन भरात तासाला एक विमान बाहेर पडत होतं. आपल्याकडे भट्टीतून धातू ओतायच्या वेळा ठरलेल्या असतात ना, तसं तिथे बॉम्बर विमान ठरल्या वेळी बाहेर यायचं.

या विमानाची खरी ताकद होती त्याचा पंख. लांब, अरुंद, ज्याला डेव्हिस विंग म्हणत. या पंखामुळे लिबरेटर लांबचा पल्ला गाठायचं. पण लांब अरुंद पंख नाजूकही असतो. त्याच्या पुढच्या कडेचा आकार बिघडला तर हवा हवी तशी वाहत नाही आणि विमान लगेच तक्रार करतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हवेत हे विमान दमदार, जमिनीवर मात्र नखरेल. याला पुढे नाकाखाली एक चाक आणि पंखांखाली दोन मोठी चाकं. नाकाखालचं चाक वैमानिकाला वळवता येत नसे. ते आपल्या ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीच्या चाकासारखं, जिकडे ओढाल तिकडे वळणारं. मग जमिनीवर वळायचं कसं? एका बाजूचा ब्रेक दाबायचा, नाहीतर बाहेरच्या दोन इंजिनांपैकी एकाला जोर द्यायचा. तीस टनांचं धूड असं वळवायचं म्हणजे हाताला सवय लागते. जरा जास्त वेगात वळलात, किंवा ते चाक थरथरायला लागलं, की त्याचा पाय मोडायचा आणि विमान नाक घासत थांबायचं. लिबरेटरच्या जमिनीवरच्या अपघातांत नाकाचा पाय मोडणं हा नेहमीचा प्रकार होता.

दुसरी गंमत उलट दिशेची. विमान उभं असताना चार-सहा जण एकदम शेपटीकडे गेले तर नाक वर आणि शेपूट खाली. म्हणून सामान भरताना शेपटीखाली टेकू लावत. ब्रेकला लागणारा दाब हायड्रॉलिक यंत्रणेतून यायचा, त्यामुळे जमिनीवर असताना विमानाच्या नाकात एक छोटं पेट्रोल इंजिन चालू ठेवावं लागे, विजेसाठी. हवाई दलातले लोक त्याला त्याच्या आवाजावरून ‘पट-पट’ म्हणायचे. ते सुरू करायला विसरलं आणि दाब नसला, तर ब्रेकवर पाय ठेवून उपयोग नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे लोक खरे घाबरायचे, ती म्हणजे पेट्रोलचा वास. टाक्यांमधून आणि नळ्यांच्या जोडांतून पेट्रोलची वाफ बॉम्ब ठेवायच्या कप्प्यात जमा व्हायची. त्या कप्प्याची दारं दुकानाच्या शटरसारखी सरकणारी होती, ती थोडी उघडी ठेवून वाफ बाहेर जाऊ द्यायची ही बहुतेक क्रूची पद्धत. आत एक ठिणगी पडली तर काय होईल हे सांगायला नको.

हे एवढ्या तपशिलात सांगतोय, कारण युद्धाच्या गोष्टी ऐकताना आपल्याला वाटतं विमान पडतं ते शत्रूच्या गोळीने. ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडचे युद्धात ५५,५७३ लोक गेले. त्यातले आठ हजारांहून जास्त शत्रूची गोळी न लागताच गेले, प्रशिक्षणात आणि अपघातांत. एका अख्ख्या डिव्हिजनच्या अर्धे म्हणा. मी आयुष्य फौजेत काढलं, मला हा आकडा कुठल्याही लढाईच्या आकड्याइतकाच मोठा वाटतो. पण त्यांच्यावर सिनेमे निघत नाहीत.

असो. आता हे विमान आपल्याकडे आलं कसं.

१९४३ पासून बंगालमधल्या सालबनी, डिग्री अशा धावपट्ट्यांवरून ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर विमानं ब्रह्मदेश आणि सयामवर जात. जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेली ब्रह्मदेशची रेल्वे, बँकॉकची बंदरं, रंगूनचे गोदी-धक्के ही त्यांची लक्ष्यं. १९४४ च्या ऑक्टोबरात डिग्रीच्या १५९ स्क्वाड्रनने मलायातल्या पेनांग बंदराच्या तोंडाशी समुद्री सुरुंग टाकले. जाऊन-येऊन तीन हजार मैलांचा प्रवास, बराचसा समुद्रावरून. दक्षिणेत कोलारला या विमानांवर वैमानिक तयार करायची शाळा होती. आणि कानपूरला होतं ३२२ मेंटेनन्स युनिट, म्हणजे मोठी दुरुस्ती आणि साठवणीची जागा. युद्ध संपल्यावर विमानं तिथे गोळा झाली.

इथे करार आडवा आला. ही विमानं ब्रिटनने विकत घेतलेली नव्हती. अमेरिकेने १९४१ मध्ये लेंड-लीज नावाचा कायदा केला होता. मित्रराष्ट्रांनी अमेरिकन युद्धसामग्री वापरायची, आणि युद्ध संपल्यावर उरलेली परत करायची किंवा नष्ट करायची. अमेरिकेला परत नको होती. त्यांच्याकडेच हजारो विमानं वाळवंटात उभी होती. दुसऱ्याच्या हातात चालू स्थितीत पडायला नको, हाही विचार होता. मग राहिला एकच मार्ग. मोडा.

मोडायचं कसं, तर बुलडोझर घातले. कॉकपिटमधल्या घड्याळांच्या काचा फोडल्या. इंजिनात वाळू ओतली. पत्र्याला भोकं पाडली. हे काम कुणी रागाने करत नव्हतं, हुकमाप्रमाणे होत होतं. ज्या हातांनी ती विमानं तीन वर्षं जिवापाड जपली त्याच प्रकारच्या हातांनी ती मोडली. मग गोरे लोक जहाजात बसून घरी गेले आणि चकेरीच्या कडेला ही रांग पावसात, उन्हात, गवतात उभी राहिली.

भिलाईत स्क्रॅप म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मोडकं लोखंड भट्टीत जातं आणि नवीन पोलाद होऊन बाहेर येतं. चकेरीच्या रांगेचंही तसंच व्हायला हवं होतं. अॅल्युमिनियमचे भाव काही वाईट नव्हते, त्या काळात कितीतरी विमानांची भांडी झाली.

पण १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि लगेच ऑक्टोबरात काश्मीरची लढाई सुरू झाली. हवाई दलाची फाळणी झाली होती. आपल्या वाट्याला लढाऊ विमानांच्या तुकड्या आल्या, वाहतुकीची डाकोटा विमानं आली. बॉम्बर मात्र एकही नाही. गरज पडली तेव्हा काय केलं माहीत आहे? डाकोटासारख्या मालवाहू विमानाच्या उघड्या दारातून बॉम्ब हाताने ढकलून खाली सोडले. पूंछच्या वेढ्यात हे झालं. मेहर सिंगसारख्या माणसांच्या हिमतीला सलाम, पण देशाचं हवाई दल दारातून बॉम्ब ढकलून चालत नाही. नवीन बॉम्बर विकत घ्यायचे तर परकीय चलन हवं, विकणारा हवा आणि वेळ हवा. तिन्ही नव्हतं.

तेव्हा नजर गेली चकेरीच्या रांगेकडे. आणि विचारणा झाली बेंगळुरूला.

या बेंगळुरूच्या कारखान्याशी आपलं नातं जवळचं आहे. डिसेंबर १९४० मध्ये तो सुरू केला वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस, साखर, जहाज, बांधकाम, सगळ्यात हात घातलेला. म्हैसूर संस्थानाने साथ दिली. १९४१ मध्ये तिथे हार्लो नावाचं शिकाऊ वैमानिकांचं विमान जोडून हवेत उडालं. पुढे जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्यावर सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाच्या कामाला लावला. विमान बनवायचं वालचंदांचं स्वप्न बाजूला पडलं, दुरुस्तीचा मोठा डेपो झाला. वालचंदांना त्याचं दुःख झालं असणार. पण त्या दोन वर्षांत इथल्या फिटरांनी, पत्रेवाल्यांनी, इंजिन मेकॅनिकांनी अमेरिकन विमानं आतून-बाहेरून पाहिली. अमेरिकन रिव्हेट कसा मारतात, त्यांची इंजिनं कशी उघडतात, त्यांची मॅन्युअलं कशी वाचायची, हे हातात बसलं. १९४८ साली देशाला नेमका हाच हात हवा होता.

हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली. आता फौजेतल्या वर्कशॉपच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे गाडी किंवा तोफ वाईट मोडली की तपासणी करून तिच्यावर शिक्का मारतात, ‘बीईआर’. म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही, काढून टाका. हा शिक्का मारणं सोपं असतं, कागद पूर्ण होतो, जबाबदारी संपते. चकेरीच्या एकेका विमानावर हा शिक्का डोळे मिटून मारता आला असता. पण ज्याने आयुष्यात मोडलेली यंत्रं पाहिली आहेत त्याला ठाऊक असतं, की मोडणारा कंटाळतो. शंभर गोष्टी मोडायच्या असल्या तर तो दिसतं ते मोडतो. काच फोडतो, पत्रा वाकवतो. आतला मुख्य सांगाडा, पंखाचा आडवा कणा, ज्याला स्पार म्हणतात, तो बुलडोझरच्या एका धडकेने तुटतोच असं नाही. आणि एका विमानाचं जे फुटलं, ते शेजारच्या विमानाचं शाबूत राहिलेलं असतं.

म्हणून कामाची पद्धत ठरून गेलेली असते. आधी रांगेतून फिरायचं. ज्यांचा सांगाडा आणि पंख धड आहेत अशी निवडायची. बाकीची दाता म्हणून ठेवायची. याचं इंजिन, त्याचं चाक, तिसऱ्याचं घड्याळ. याला वर्कशॉपमध्ये ‘कॅनिबलाइज’ करणं म्हणतात. शब्द भयंकर आहे, पण युद्धात अर्धी फौज त्याच्यावर चालते. वाळू गेलेलं इंजिन मात्र सरळ बाजूला. वाळूचा एक कण बेअरिंगमध्ये राहिला तरी ते इंजिन कुठेतरी जाऊन आवळतं, आणि ते नेमकं उड्डाणाच्या क्षणी आवळतं, कारण तेव्हाच त्याच्यावर पूर्ण ताण असतो. पत्र्याची भोकं ठिगळं लावून रिव्हेट करायची. पंखाची पुढची कड पोचलेली असेल तर ती आकारात आणायची, मघाशी म्हटलं तसं, हा पंख खपवून घेत नाही. रबराच्या नळ्या आणि सील दोन-तीन पावसाळ्यांत कडक झालेले असतात, ते तपासायचे. ब्रेकचा दाब टिकतो का, चाकं वर-खाली होतात का, टाकी गळते का.

आणि हे सगळं कुठे? कानपूरच्या उघड्या मैदानात. तिथे मोठी दुरुस्ती शक्य नव्हती. जिग, यंत्रं, चाचणीची साधनं, सगळं बेंगळुरूला. तेव्हा ठरलं असं की कानपूरला फक्त एक उड्डाण करता येईल एवढंच काम करायचं. बाकीचं सगळं बेंगळुरूच्या कारखान्यात.

‘एक उड्डाण करता येईल एवढंच.’ या पाच शब्दांवर जिमी मुन्शींना बसायचं होतं.

नकाशा काढा. कानपूर ते बेंगळुरू सरळ रेघ ओढली तर अंतर साधारण १,५०० किलोमीटर भरतं. ही रेघ नागपूरच्या अगदी जवळून जाते, आणि आपल्या भिलाईच्या पश्चिमेला सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. भिलाई तेव्हा एक खेडं होतं, पोलाद कारखान्याचा करार व्हायला अजून सात वर्षं होती. ताशी ३०० किलोमीटर वेग धरला तर पाच तास. खाली विंध्य, सातपुडा, विदर्भाचं पठार, गोदावरी, मग दख्खन. वाटेत एवढं मोठं विमान उतरवता येईल अशा धावपट्ट्या मोजक्याच.

टेस्ट पायलट आणि साधा वैमानिक यांत फरक काय, तर साधा वैमानिक धरून चालतो की विमान ठीक आहे, आणि बिघाड झाला तर बघू. टेस्ट पायलट धरून चालतो की विमानात बिघाड आहे, तो कुठे आहे ते शोधायचंय. मुन्शींच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. या विमानाला जाणूनबुजून बिघडवलेलं होतं. मोडणाऱ्याने काय काय मोडलं याची यादी कुणी ठेवलेली नव्हती. दुरुस्त करणाऱ्याला सापडलं ते त्याने नीट केलं. जे सापडलं नाही ते हवेत सापडणार.

अशा विमानाला कसं हाताळतात? घाई न करता, पायरीपायरीने. आधी जमिनीवर चारही इंजिनं एकेक करून चालवून बघायची. प्रत्येक इंजिनाला ठिणगी देणारे दोन-दोन मॅग्नेटो असतात, एक बंद करून दुसऱ्यावर इंजिन किती पडतं ते बघायचं. मग हळू चालवून ब्रेक धरतात का ते पाहायचं, लिबरेटरमध्ये वळणंही ब्रेकवरच असल्यामुळे ही तपासणी दुहेरी. नाकाचं चाक थरथरतं का. मग धावपट्टीवर वेगात धाव, पण उडायचं नाही, परत फिरायचं. प्रत्येक वेळी थांबून सगळीकडे हात फिरवायचा, कुठे तेल आलंय, कुठे गरम झालंय. आणि मग एका सकाळी परत फिरायचं नाही.

चार इंजिनांच्या विमानात धावपट्टीवर असा एक वेग येतो, की त्याच्या आधी इंजिन गेलं तर थांबता येतं, नंतर गेलं तर तीन इंजिनांवर उडावंच लागतं. बाहेरचं इंजिन गेलं तर विमान त्या बाजूला जोरात वळायला बघतं आणि वैमानिकाला पूर्ण ताकदीने विरुद्ध पायाने रडर दाबून धरावा लागतो. लिबरेटरचे कंट्रोल जड होते, पाच तास चालवलं की खांदे भरून यायचे असं तेव्हाचे वैमानिक सांगत. एक बरं होतं. बॉम्ब नव्हते, तोफा नव्हत्या, दहा माणसं नव्हती. हलकं विमान उडायला सोपं आणि इंजिनांवर ताण कमी.

मी फौजेतला माणूस, विमानवाला नाही. पण दुरुस्त केलेल्या वाहनावर सगळ्यात आधी कोण बसतो, हे मी नेहमी बघत आलो. वर्कशॉपमधल्या माणसाला टेस्ट घेणाऱ्याचा चेहरा माहीत असला की त्याचा पाना वेगळा चालतो. मुन्शी परका भाडोत्री वैमानिक नव्हता. त्याच कारखान्याचा, त्याच कँटीनमध्ये जेवणारा माणूस होता. ज्या फिटरने सील बदलला त्याला ठाऊक होतं की यावर आपले जिमीसाहेब बसणार. ४२ विमानं बेंगळुरूला पोचली याचं श्रेय वाटायचं झालं तर मी या गोष्टीला बराच मोठा वाटा देईन.

आणि ४२ हा आकडा नुसता मोठा म्हणून सांगत नाही. पहिलं उड्डाण धाडसाचं असतं, तिथे माणूस सावध असतो. दहाव्या-पंधराव्याला सवय होते, आणि सवय झाली की तपासणी आखडती होते. फौजेत सुरुंग काढणाऱ्यांचं हेच होतं, पहिला सुरुंग क्वचित मारतो. पण चकेरीचं प्रत्येक विमान नवीन होतं, कारण प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने मोडलेलं होतं. एकावर शिकलेलं दुसऱ्यावर उपयोगी पडेलच असं नाही. ४२ वेळा ते काम पहिल्या वेळेसारखंच करावं लागलं.

बेंगळुरूला विमानं पुरती उघडली, इंजिनं पूर्ण दुरुस्त झाली, नवीन रंग, भारतीय चक्र. २ नोव्हेंबर १९४८ ला कानपूरलाच हवाई दलाची ५ नंबरची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. भारताची पहिली जड बॉम्बर तुकडी. पंधरा दिवसांत, १७ नोव्हेंबरला, तिने आपला तळ हलवला पुण्याला, लोहगावला.

पुणेकरांनो, तुम्ही आज मुंबई-दिल्लीच्या विमानाची वाट बघत जिथे बसता, त्याच लोहगावच्या धावपट्टीवर वीस वर्षं लिबरेटर उतरत-चढत होती. जुन्या विमाननगर-येरवड्याच्या लोकांच्या कानात चार इंजिनांचा तो घरघराट असेल. १९५१ मध्ये ६ नंबरची स्क्वाड्रन लोहगावलाच लिबरेटरवर उभी राहिली, तिचं काम समुद्रावर टेहळणी. विमानात रडार बसवलं आणि अरबी समुद्रावर तासन् तास घिरट्या. ज्या लांब पल्ल्यासाठी हे विमान पेनांगला गेलं होतं, तोच गुण आता आपल्या किनाऱ्यासाठी कामी आला. १९५७ मध्ये ५ स्क्वाड्रनला कॅनबेरा जेट बॉम्बर मिळाले आणि तिचं लिबरेटरशी नातं संपलं. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला पुण्याहून गेली ती कॅनबेराच. तोवर लिबरेटर म्हातारी झाली होती, पण ६ स्क्वाड्रनमध्ये ती थेट १९६८ च्या डिसेंबरपर्यंत नोकरीत राहिली. जगात इतर कुठल्याही देशाने तिला लष्करात इतकी वर्षं ठेवलं नाही. आणि ही तीच, जिला १९४६ च्या सुमारास ‘नष्ट’ म्हणून कागदावर लिहून टाकलं होतं.

इथे एक शंका येईल. जड बॉम्बर चालवलेले भारतीय तेव्हा होते का? अगदी थोडे. शिवदेव सिंग यांनी युद्धात इंग्लंडमधून चार इंजिनांची स्टर्लिंग विमानं चालवली होती, पुढे ते हवाई दलाचे उपप्रमुख झाले. आणि एक नाव मराठी कानाला ओळखीचं, शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. ते वैमानिक नव्हते, नॅव्हिगेटर होते, म्हणजे अंधारात वाट काढणारे. ब्रिटिश पाथफाइंडर दलातून ४५ मोहिमा केल्या, डीएफसी पदक मिळवलं. त्यांतल्या १४ मोहिमा ज्या लँकेस्टर विमानातून झाल्या, ते आर-५८६८ नंबरचं विमान लंडनच्या हेंडनमध्ये रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयात उभं आहे. लंडनला जाणाऱ्यांनी ते जरूर बघावं. कुणी मराठी माणूस त्याच्या आत टेबलावर नकाशा पसरून बसला होता, हे मनात ठेवून बघावं.

आता मुन्शींच्या पुढच्या नोकरीकडे येऊ.

टेस्ट पायलटचं आयुष्य म्हणजे कारखान्यातून जे बाहेर येईल ते आधी त्याच्या हाती. कारखाना आता नव्या दिशेने निघाला होता. परदेशी आराखड्यांवर प्रेंटिस आणि व्हॅम्पायर विमानं बनत होती. पण मधल्या काळात तिथे एक मराठी शास्त्रज्ञ शांतपणे आपलं काम करत होता, डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडच्या हसूरचंपूचा हा मुलगा जर्मनीत गटिंगनला गेला, लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्रात डॉक्टर झाला. प्रांटल म्हणजे या शास्त्राचे भीष्माचार्य. घाटगे परत येऊन १९४० मध्ये वालचंदांच्या कारखान्यात दाखल झाले. त्यांनी आखलेलं शिकाऊ वैमानिकांचं विमान म्हणजे एचटी-२, स्वतंत्र भारतात आखलेलं आणि बांधलेलं पहिलं विमान.

ऑगस्ट १९५१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, तेव्हा कॉकपिटमध्ये होते जिमी मुन्शी.

मला या दोन उड्डाणांची तुलना करायला आवडते. चकेरीचं विमान जगभर माहीत असलेलं, हजारोंनी उडालेलं, पण हे एक विशिष्ट विमान मोडलेलं. त्याचा आराखडा भरवशाचा, शरीर बेभरवशाचं. एचटी-२ चं उलट. एकेक रिव्हेट नवा कोरा, पण असं विमान याआधी कुणी उडवलेलंच नाही. शरीर भरवशाचं, आराखडा फक्त घाटग्यांच्या कागदावर सिद्ध झालेला. टेस्ट पायलटच्या कामाची ही दोन टोकं. दोन्ही एकाच माणसाने केली. एचटी-२ पुढे दीडशेहून जास्त बनली आणि कित्येक वर्षं आपल्या हवाई दलाची पोरं त्याच्यावर उडायला शिकली. आज निवृत्त होऊन बसलेले जुने वैमानिक भेटले तर विचारा, बहुतेकांचं पहिलं एकट्याचं उड्डाण एचटी-२ वरचं असेल.

मुन्शी कंपनीचे नोकर होते, त्यांच्या खांद्यावर हवाई दलाच्या पट्ट्या नव्हत्या. म्हणून लष्करी इतिहासाची पुस्तकं त्यांना एका वाक्यात आटपतात. ५ स्क्वाड्रनचा इतिहास सुरू होतो २ नोव्हेंबर १९४८ पासून, म्हणजे विमान तयार होऊन दारात उभं राहिल्यावर. त्याच्या आधीचे महिने कारखान्याच्या खात्यात, आणि कारखान्याचा इतिहास सुरू होतो त्याने बनवलेल्या विमानांपासून. दुरुस्ती दोघांच्याही मधल्या फटीत पडते. वर्कशॉपवाल्यांना याची सवय असते.

१९६८ नंतरची गोष्ट थोडक्यात. लिबरेटर निवृत्त होईपर्यंत जगात दुसरीकडे ती जवळजवळ संपली होती. १८,००० मधली बहुतेक वितळवून टाकली गेली होती. मग ज्या देशांनी ती बनवली आणि वापरली होती, त्यांना आठवण झाली की आपल्या संग्रहालयात दाखवायला एकही धड लिबरेटर नाही. ते भारताकडे आले. कॅनडाला एक गेलं, ते ओटावाच्या संग्रहालयात आहे. १९७४ मध्ये एक ब्रिटनला गेलं, रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयासाठी. म्हणजे ज्यांनी मोडायचा हुकूम पाळला त्यांनाच नमुना म्हणून आपण एक परत दिलं. आणखी एक जुनं शरीर ऐंशीच्या दशकात इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेलं. तिथल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने ते अनेक वर्षं खपून पुन्हा उडतं केलं, १९८९ पासून लोक तिकीट काढून त्याच्यात बसत. जगात आज उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी जवळजवळ निम्मी भारतीय हवाई दलातून गेलेली आहेत.

त्यांतलं एक अॅरिझोनात टुसान शहरी पिमा संग्रहालयात आहे. भारताने ते १९६९ मध्ये भेट दिलं. जहाजात घालून, सुटं करून पाठवायची गरज पडली नाही. चार इंजिनं चालू करून ते भारतातून निघालं आणि अर्धी पृथ्वी ओलांडून टुसानच्या धावपट्टीवर आपल्या चाकांवर उतरलं.